लिनक्स : नग एक, रुपये शून्य

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ
माघ पौर्णिमेचा तिसरा दिवस

आदरणीय रविंद्रदादा आणि आदरणीय दिपालीवहिनी यांस पद्माचा सप्रेम जयभीम आणि नमो बुद्धाय.

पार्सल पोचलं. नग सहा, ते असे: पेटी एक, पडदा एक, कीबोर्ड एक, माउस एक (शेपटीला चिकटपट्टी लावलेली), प्रिंटर एक, आणि इंटरनेटची बोटाएवढी काडी एक, जी मी कचरा समजून केरात टाकली होती आणि पुन्हा शोधून धुतली नाही, नुसती पुसली. हिंगोलीच्या डेपोत हमालाला चाळीस. काळी-पिवळीत माझे पन्नास आणि कॉम्प्युटरचे पन्नास. (ड्रायव्हर म्हणाला, माणसाची जागा घेतली की भाडं माणसाचं. मी म्हणलं, मग त्याला खिडकीपाशी बसवा. बसवलं बिचाऱ्यानं.) एकूण एकशे चाळीस. त्यात सिस्टिम घातली, तिचे रुपये शून्य. हे शून्य लिहिताना माझा हात दोनदा थांबला, कारण बावीस वर्षांच्या हिशोबाच्या वह्यांत खर्चाच्या बाजूला मी शून्य कधी लिहिलेलं नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांनी पायऱ्या चढू नयेत. त्यांच्यासाठी यंदाच्या नव्या हळदीची पूड दोन किलो आणि जवसाची चटणी वेगळी बांधून ठेवली आहे. वहिनींसारखं मोठं मन आपल्या अख्ख्या खानदानात कुणाचं नाही, हे मी तुमच्या दाजींना दिवसातून दोनदा सांगून राहिले. ते म्हणतात, "व्हय, पण आजच काहून आठवलं?" त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. तुमची शुगर तपासली का?

आता मूळ गोष्ट. तुम्हाला माहीतच आहे की आपल्या विहाराला पोरींसाठी अभ्यासिका करायची म्हणून आम्ही बायकांनी आठवड्याला दहा-दहा रुपये करून छत्तीस हजार जमवले. आपली सपना धरून सहा पोरी रोज एसटीनं हिंगोलीला जातात, तिथं खुर्चीचं भाडं महिन्याला सातशे, एसटीचं वेगळं, आणि अर्धा अभ्यास थांब्यावर उभ्यानं. ह्या पैशात बाकं, दोन पंखे आणि पुस्तकं बसत होती. पण समितीचे अध्यक्ष संतरामजी म्हणाले, आता सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर, परीक्षा कॉम्प्युटरवर, तर आधी नवा कॉम्प्युटर घेऊ, बाकं पुढच्या वर्षी. किंमत साडेएकेचाळीस हजार. म्हणजे छत्तीस हजार जाऊन वर साडेपाच हजार देणं, आणि पोरी सतरंजीवर. मला राहवलं नाही. मी उठून म्हणलं, "पैशाला हात लावू नका. कॉम्प्युटर मी आणते. माघ पौर्णिमेला ह्याच टेबलावर मराठीत लिहून, छापून दाखवते. नाही दाखवलं तर तुमचा नवा घ्या." बोलून बसले. त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, तो हा.

तर पेटी घेऊन आधी हिंगोलीला स्टेशनाकडच्या एका दुकानात गेले. (हे जाता-येताचे पन्नास अधिक पन्नास वेगळे, ते मी घरखर्चात घातले.) दुकानवाल्यानं पेटी उघडून फुंकर मारली आणि सांगितलं की हिच्यातली सिस्टिम जुनी झाली, तिच्याकडे आता कंपनी बघत नाही. नवी रीतसर घ्यायची तर दहा हजारांच्या घरात, आणि ती ह्या पेटीवर बसणारच नाही, तिला पेटीही नवी लागते. म्हणजे दादा, चप्पल दहा हजारांची आणि ती घालायला पाय नवा घ्या! (सिस्टिम म्हणजे काय ते मला आता बराबर कळलं आहे. पेटी ही चूल, आणि सिस्टिम म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. बाई नसली तर चूल कितीही भारी असो, भाकरी मिळत नाही.) मग त्यानं आवाज बारीक केला. "मावशी, तीनशे द्या, जुगाडाची टाकून देतो. सगळीकडं हीच चालते." मी विचारलं, कंपनीनं तुला दिली का? तो म्हणाला, "कंपनीला कुठं कळून राहिलं?" मी म्हणलं, "मला कळलं ना, बाबा." विहाराच्या टेबलावर ठेवायची वस्तू, समोर रोज पंचशील होणार, त्यात दुसरंच शील हे की जे दिलेलं नाही ते घेणार नाही, आणि टेबलावर चोरीची बाई स्वयंपाक करणार? पेटी उचलली आणि निघाले. तीनशे वाचले, हे खरं, पण शीलासाठी वाचले, हे लक्षात घ्यावं.

घरी आले तर नणंदेची संगिता आलेली, जी हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली सांभाळते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पर्समधून चावीएवढी एक वस्तू काढून म्हणाली, "मामी, लिनक्स टाकू. फुकट आहे." तुमचे दाजी लगेच, "फुकट तर कुणी खोकलाबी देत न्हाई." पण मला वेगळीच धास्ती. मी विचारलं, लेकी, फुकट म्हणजे चोरीचं, की दिलेलं? ती म्हणाली, दिलेलं. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून केलं, कुणी चार ओळी लिहिल्या, कुणी चाळीस हजार, आणि सगळ्यांना देऊन टाकलं. वापरा, शेजाऱ्याला द्या, पुन्हा वाटा, कुणी विचारणार नाही. मी तीनदा विचारलं, राजीखुशीनं दिलं का? शेवटी ती वैतागली. "मामी, नुसतं दिलं न्हाई, लिहून दिलंय!" आणि तिनं पडद्यावर तो कागद उघडून दाखवला. इंग्रजीत होता, मी तिच्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतला. दादा, माझ्या अंगावर काटा आला. न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसांनी आपल्या सपनासाठी दान करावं आणि वर लिहून द्यावं! मी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हणलं, आणि मग संगिताला बटण दाबू दिलं.

सहा भाकरी होईपर्यंत सिस्टिम बसली. बसली ती काय रुबाबात, मराठी बोलत! पानं मराठीत, महिने मराठीत, चूक झाली तर रागावणंही मराठीत. पण मग सुरू झाला मानपान. लग्नात व्याही येतात ना, तसं एकेक सामान. कीबोर्ड आल्या आल्या पंगतीला बसला. माउसही. पडद्यानं थोडा भाव खाल्ला, अक्षरं आडवी ताणून दाखवली, पण संगितानं समजूत काढली. ती इंटरनेटची काडी मात्र मुलाच्या मामासारखी रुसून बसली, लिनक्सला ओळखच देईना. अर्धा दिवस विनवणी केली. शेवटी तिला बाजूला ठेवलं आणि सपनाचा मोबाईल वायरीनं जोडला, तर इंटरनेट धो धो! (काडी परत पाठवत आहे, पुसलेली आहे.) प्रिंटरबद्दल पुढे लिहिते. तुमच्या दाजींचं म्हणाल तर त्यांना त्यात फुकटचा पत्त्यांचा खेळ सापडला, तेव्हापासून खोकल्याचं नाव नाही. चार दिवस मला कॉम्प्युटर मिळवायला नंबर लावावा लागला.

पौर्णिमेला वंदना झाली आणि टेबलावर पडदा उघडला. मी एका बोटानं विहाराचं पूर्ण नाव मराठीत लिहिलं, खाली सहा पोरींची नावं लिहिली, सपनानं मागच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका उघडून दाखवली. बायकांनी साधुकार दिला. संतरामजी उठून जवळ आले, चष्मा काढून पुन्हा लावला. "पद्माबाई, ह्याचा मालक कोण?" मी म्हणलं, सगळेच. "बिल कोण देणार?" कुणीच नाही. "बिघडलं तर तक्रार कुणाकडं?" मी संगिताकडे बोट दाखवलं. मग त्यांनी खरा पेच टाकला. त्या दिवशी रंगारी दानदात्यांचा फलक नव्यानं रंगवत होता. ते म्हणाले, दान म्हणता, तर दात्याचं नाव काय, गाव काय? मी म्हणलं, लिहा, जगभरचे अनेक दाते, सिस्टिम नग एक, रुपये शून्य. ते ओरडलेच. "शून्य रुपयाचं नाव फलकावर गेलं तर उद्या अख्खं गाव शून्य देऊन नाव लावून मागंल!" सभा हसली, पण मी बसले नाही. ओळीचे दीडशे रुपये मी देते म्हणलं. (म्हणजे शून्य रुपयाच्या दानाला माझे दीडशे गेले. पण नाव न घेता दान खाणं हेही मला बरं वाटेना.) रंगाऱ्यानं ओळ लिहिली. फार देखणी झाली आहे.

शेवटी संतरामजी म्हणाले, ठीक, आता छापून दाखवा. तेव्हा मी उभी राहून एकच वाक्य बोलले, सभेनं टाळ्या वाजवल्या, ठराव झाला, आणि छत्तीस हजारांतले दहा हजार दुसऱ्या दिवशी हट्टा गावच्या सुताराला बाकांचा विसार म्हणून आगाऊ गेले. बाकं सहा, प्रत्येकाला खाली पुस्तकांचा कप्पा. सपना दोनदा जाऊन लाकूड बघून आली. दादा, तुमची पेटी विहारात बुद्धाच्या डाव्या अंगाला बसली आहे, वर मी विणलेला रुमाल आहे. तुमचं पुण्य मोठं.

थोरांना जयभीम, लहानांना गोड पापा. वहिनींना पुन्हा एकदा विशेष.

तुमची धाकटी बहीण,
पद्मा

ता. क. : प्रिंटरचं लिहायचं राहिलं. तो चालला नाही. पौर्णिमेआधी घरीच मी बटण दाबलं तर त्यानं कागदाच्या वर एक ओळ उमटवली, मुंग्या चालल्यासारखी, आणि कागद बाहेर टाकला. मग दुसरा, तिसरा. वायर उपटेपर्यंत चौतीस. संगितानं यादी काढली की कोणते प्रिंटर लिनक्सचं ऐकतात. तुमचा त्यात नाही, त्याच्याशी बोलायचं कसं हे त्याच्या कंपनीनं कुणाला सांगितलेलंच नाही. तुमच्याकडच्या सिस्टिमवर तो गुणाचा असेल, म्हणून काडीसोबत परत पाठवते. चौतीस कागद वाया गेले नाहीत. हे पत्र त्यातल्याच आठ कागदांच्या पाठीवर आहे, मागच्या मुंग्या वाचत बसू नये.

ता. क. दुसरा : यादीत वहिनींचा प्रिंटर आहे. मार्गशीर्षात तुमच्याकडे आले तेव्हा वहिनींनी त्याची किंमत तीनदा सांगितली, अकरा हजार दोनशे, म्हणून मी वहीत नंबरासह उतरवली होती. त्यावर क्रोशाचं कव्हर आहे आणि फुलदाणी आहे, आणि वर्षाला चार कागद निघतात असं वहिनीच म्हणाल्या. तर सभेत मी जे एक वाक्य बोलले ते असं, की "प्रिंटर पुण्याहून येऊन राहिला, आमच्या वहिनींनी विहाराला दिला." तोंडातून निघून गेलं, दादा. सहा पोरी माझ्याकडं बघत होत्या.

ता. क. तिसरा : रंगारी तिथंच होता. शून्य रुपयांच्या खालची ओळ अशी आहे, "आयु. दिपाली रविंद्र पाईकराव, पुणे : प्रिंटर नग १." तीही देखणी झाली आहे. पण दुकानवाल्याला दुसरं शील शिकवून आलेली मी, न दिलेली वस्तू भिंतीवर घेऊन बसले, आणि खोटं बोलले ते चौथं. तीन दिवस पंचशील म्हणताना दुसऱ्यापाशी अडखळते, चौथ्यापाशी गप्प होते. बायकांना वाटतं घसा बसला.

म्हणून सोबत पोस्टकार्ड जोडलं आहे. पत्ता माझा घातलेला आहे, मजकूरही लिहिलेला आहे, "मी माझा प्रिंटर राजीखुशीनं दिला." खाली सहीची जागा. सही वहिनींचीच पाहिजे, तुमची चालणार नाही, वस्तू त्यांची आहे. त्यांना आधी विचारावं, मग कार्ड दाखवावं, आणि जबरदस्ती करू नये, नाहीतर दिलेलं होत नाही. त्यांचं मन नसलं तर कार्ड कोरं पाठवा. मी पुढच्या पौर्णिमेला त्याच टेबलापाशी उभी राहून खोटं बोलले म्हणून सांगेन, आणि ती ओळ माझ्या हातानं पुसेन. बाकं मात्र परत जाणार नाहीत, सुतारानं कापून टाकली आहेत.

फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही "बघतो" म्हणता, आणि "बघतो" मला फाईलला लावता येत नाही. सही असो की कोरं, कार्ड परतीच्या टपालानं टाका. त्याला पन्नास पैसे पडले आहेत.