आधी एक रिकामी फेरी

आदरणीय ताईंना सादर नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही डॉक्टर बदललात, असे ऐकले. नवीन डॉक्टर काय म्हणतात ते कळवावे. (तेही जिने चढू नका म्हणत असतील तर त्यांना बदलू नये. गावातले डॉक्टर संपतील.) माझी तब्येत बरी आहे. इतकी वर्षे आपल्या दोन घरांतली पत्रे तुमची धाकटी बहीण लिहायची आणि शेवटी कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात मी 'बाकी ठीक' एवढे दोन शब्द लिहून द्यायचो. तुमच्याकडे मला सगळे 'बाकीठीक' म्हणतात, हे मला माहीत आहे. ती गेल्यापासून अख्खा कागद माझ्या वाट्याला आला आहे आणि एवढ्या जागेचे काय करावे ते उमगत नाही. काही कमीजास्त लिहिले गेले तर सांभाळून घ्यावे.

पाकिटावरचा पत्ता वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. चष्म्यात दोष नाही. मी खरोखरच एका बेटावर आहे, कसा ते पुढे येईल. आधी विनंती करून टाकतो, नाहीतर ती राहून जाईल. तुम्ही माझ्या मुलीला फोन करून, या उन्हाळ्यात कोणीही बेटांवर जायचे नाही, असे ठणकावून सांगावे. कारण काहीही द्या. तुम्ही घरात सर्वांत मोठ्या, तुमच्यापुढे तिचे काही चालत नाही. माझ्यापुढे तिचे सगळे चालते. (तुम्हाला फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही नुसते 'हं' म्हणता आणि मला पुढचे सुचत नाही.)

त्याचे झाले असे. मागच्या रविवारी मुलगी, जावई आणि नात जेवायला आली. ताटे उचलल्यावर मुलीने टेबलावर मिठाची बरणी, पाण्याचा पेला आणि माझ्या चष्म्याचे घर मांडले आणि म्हणाली, ही तीन बेटं. मोठी बोट मिठाच्या बरणीपर्यंत जाते. तिथून लहान बोटीने पेल्याला वळसा घालायचा आणि चष्म्याच्या घरात राहायचे. "बाबा, तुम्हाला आता बाहेर काढायचंय," असे तिने सांगितले. मी म्हटले, मी रोज बाहेर जातो, ऑफिसात. ती म्हणाली, "ते बाहेर नाही. ते दुसरं आत." जावई दातांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले, "काही होत नाही बाबा, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." ताई, माझी खालची दाढ काढताना ते अगदी हेच म्हणाले होते आणि मला सगळे कळले होते. नात (आम्ही तिला चिमणी म्हणतो) इतका वेळ पेल्यातल्या बेटात बोट बुडवत होती. तिने विचारले, "आजोबा बुडतात का?" जावयांनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "नाही गं, आजोबा तरंगतात."

इथपर्यंत ठीक होते. पण मग मुलगी सहज बोलून गेली की त्या लांबच्या बेटाला धक्का नाही. लहान बोट गुडघाभर पाण्यात थांबते आणि माणसे उडी मारून चालत किनाऱ्यावर जातात. ताई, मी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. लिफ्ट मजल्याच्या इंचभर वर थांबली तरी मी तिच्या दाराला कागद चिकटवतो आणि ती बंद करतो. मग लोक मला जिन्यात गाठून बोलतात. (तुमच्यासारखे गुडघे असलेले जास्त बोलतात.) आणि इथे माणसे सुटी काढून, नटूनथटून, मजल्यावर न थांबणाऱ्या वाहनात बसतात आणि त्याला मजा म्हणतात. मी एवढेच म्हणालो की आधी बघून घेतले पाहिजे. मुलगी म्हणाली, "बाबा, ती बोट आहे, लिफ्ट नाही." मी म्हटले, लिफ्टला निदान खाली जमीन असते.

समुद्रावर जायची तयारी आमच्या घरात नवीन नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात तुमची बहीण कपाटावरची बॅग काढायची, झटकायची, कोणते कपडे न्यायचे ते पलंगावर मांडायची, कुठल्या खोलीतून पाणी दिसेल याची चौकशी करायची. मग कोणाचे लग्न निघे, कोणाची परीक्षा निघे, आणि ती तितक्याच आनंदाने सगळे परत कपाटात लावायची. जाणे होत नाही याचे तिला वाईट वाटत नसे. तयारी झाली की तिचा अर्धा समुद्र होऊन जाई. त्यातूनच ती रुंद काठाची, निळ्या फितीची उन्हाची टोपी आली. ती घालून बाल्कनीत झाडांना पाणी घालायची, म्हणून समोरच्या इमारतीतले लोक तिला कप्तानबाई म्हणायचे. ती टोपी तुम्ही आठवण म्हणून नेलीत आणि हॉलमधल्या खुंटीला लावलीत, हे चांगले केलेत. माझ्याकडे राहिली असती तर ती कुठे ठेवावी हे ठरवण्यातच माझे वर्ष गेले असते.

असो. आमच्या कामाची एक रीत आहे. आधी रिकामी फेरी, मग वजन घालून फेरी, मग तपासनीस स्वतः चढतो, आणि त्यानंतरच माणसांना सोडायचे. माझ्या सुटीत तीन फेऱ्या बसत नव्हत्या. म्हणून रिकामा मी, वजन आणि तपासनीस असे तिघे एकाच दिवशी निघालो. घरी सांगितले की ऑफिसच्या कामाने बाहेर जातो. (वजने ऑफिसची असल्यामुळे हे पूर्ण खोटे नव्हते.) वजन चिमणीइतके घेतले. दाराशी तिला उचलून घेतो तेव्हा हाताला जेवढे लागते तेवढे भरेपर्यंत मी टॉवेलात गुंडाळलेली लोखंडी वजने बॅगेत टाकत गेलो. बॅग अर्थात तीच, कपाटावरची. तिचा हा पहिलाच प्रवास.

धक्क्यावर हमालाने ती एका हाताने उचलायला घेतली, तर बॅग जागेवर राहिली आणि मूठ त्याच्या हातात आली. त्याने ती मूठ मला परत दिली आणि निघून गेला. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने विचारले, "एवढं काय आहे आत?" मी म्हटले, वजन. तो म्हणाला, "वजन आहे ते दिसतंय हो. पण कुणाचं?" मी खरे ते सांगितले, "नातीचं." त्याने खिडकी बंद केली आणि बाहेर आला. त्याच्याबरोबर आणखी दोघे आले. बॅग सगळ्यांसमोर उघडावी लागली. लोखंड पाहून त्यांना बरे वाटले की वाईट, ते चेहऱ्यावरून कळेना. माझे ओळखपत्र पाहून एकाने विचारले की बोटीला लिफ्ट कधी बसवली. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या रे, उन्हाचे दिवस आहेत." आणि मला सावलीतली जागा दिली.

मोठ्या बोटीबद्दल फारशी तक्रार नाही. कठडा हलवून पाहिला, घट्ट आहे. जीवरक्षक जाकिटे आहेत, पण अशा कपाटात की ते उघडण्यासाठी आधी त्यावर बसलेल्या मावशींना उठवावे लागते, आणि मावशी उठल्या नाहीत. माणसे किती घेता, असे मी बोटवाल्याला विचारले, तर म्हणाला, "येतील तेवढी." हा आकडा मी आजवर कुठल्याही लिफ्टमध्ये लिहिलेला पाहिलेला नाही. पहिल्या बेटावर उतरून त्याच बोटीने परत फिरायचे, असा माझा बेत होता. परंतु खरी भीती तर लहान बोटीची होती. तिला न तपासता परतणे म्हणजे तळमजल्यावरूनच इमारत पास करण्यासारखे झाले असते. लहान बोटीच्या नावाड्याने बॅगेकडे पाहून सांगितले, "काका, तुम्ही या नाहीतर ती येऊ दे." मी म्हटले, आम्ही बरोबर आहोत. तो म्हणाला, "मग मधे बसा आणि भांडू नका."

आता जे झाले ते जरा सविस्तर लिहितो, कारण विनंतीचे कारण तेच आहे. पेल्याला (म्हणजे मधल्या बेटाला) वळसा घालताना बोट एका लाटेवर चढली आणि पलीकडे आपटली. माझ्या तोंडावर पाण्याची अख्खी बादली आली. नाकात, कानात, खिशातल्या फोनमध्ये. (फोन तेव्हापासून बंद आहे.) आणि ताई, मी हसलो. दूरदर्शनवर काही पाहून माणूस ओठ हलवतो तसे नाही. मोठ्याने. समोर बसलेल्या बाईंनी काळजीने रुमाल पुढे केला, तरी मला थांबता येईना. मग एकदम मी इकडेतिकडे पाहिले, कोणी ओळखीचे तर नाही ना. आणि बॅगेवर हात ठेवून उरलेला रस्ता खाली मान घालून बसलो.

तुमची बहीण जाऊन अजून वर्ष झालेले नाही. घरी मी रोज दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. ते मला आता जमते. माझे नीट चालले आहे. कोणी मला बाहेर काढू नये, एवढेच. मुलीबरोबर इथे आलो आणि बोट बुडली तर काय करायचे, ते मी पाहून ठेवले आहे. पण बोट बुडली नाही आणि मला आवडले, तर काय करायचे? त्याची चाचणी आमच्या खात्यात नाही. म्हणून तुम्ही मोडता घाला. तुम्ही नको म्हणालात म्हणजे मला नको म्हणावे लागणार नाही.

रात्रीपुरती इथल्या एका बाईंच्या घरात खोली घेतली आहे. त्यांच्या फोनवरून मुलीला कळवले की मी बेटावर तपासणीला आलो आहे, तुमचे निघणे तूर्त राहू दे. तिने विचारले, "बाबा, पाणी दिसतंय का खोलीतून?" मी म्हटले, दिसते. उद्या सकाळच्या बोटीने परत फिरेन. गुडघ्याला जपावे.

आपला,
बाकीठीक

ता.क. सकाळची बोट आली आणि गेली. मी त्या वेळी पाण्यात उभा होतो, पँट दुमडून. फक्त घोट्यापर्यंत, तळ कसा आहे ते पाहण्यापुरता. तळ चांगला आहे. नावाड्याने हाक मारली होती असे बाई म्हणतात. पत्र दुपारच्या बोटीने पाठवतो आणि बहुधा मीही येतो.

आणखी एक ता.क. पत्र दुपारी गेले नाही, मीही नाही. वर घोट्यापर्यंत लिहिले आहे ते बरोबर नाही, गुडघ्यापर्यंत होते. एक चप्पल गेली. दुसरी मीच मागून सोडली, एकटी राहून काय करणार. ऑफिसला कळवले आहे की वजने परत यायला वेळ लागेल. ते खरेच आहे, कारण त्यातले एक बाईंनी दार आपटू नये म्हणून दाराला लावले आहे आणि एक नावाड्याने बोट बांधायला नेले आहे. (बॅगेत नातीचे वजन आहे हे मी त्याला सांगितले होते.) तो विचारत होता, "नात किती दिवस राहणार?" मुलीला फोन करण्याची घाई करू नये.

शेवटचा ता.क. इथपर्यंत वाचण्याआधीच फोन केलात का? केला असेल तर कृपा करून पुन्हा करावा आणि उलट सांगावे. मी मुलीला या म्हणून कळवले आहे, ती तिघे शनिवारी निघत आहेत आणि वाटेत तुम्हाला घ्यायला येतील. हे मी तुम्हाला न विचारता ठरवले, याबद्दल क्षमा असावी, पण विचारले असते तर तुम्ही 'हं' म्हणाला असता. गुडघ्याची सबब सांगू नये. बोट थांबते तिथे मी उरलेली वजने रचली, वर नावाड्याकडची जाड फळी बांधली आणि पायरी केली आहे. तिच्यावर आधी मी स्वतः उतरून पाहिले, मग बॅगेत दगड भरून ती ठेवून पाहिली, मग शेजारच्या दोन आजी उतरल्या. पायरी पास आहे. त्या सकाळी पाणी खरे तर कमरेपर्यंत आले होते. गुडघ्यापर्यंत लिहिले ते तुम्ही काळजी कराल म्हणून.

मुख्य काम राहिलेच. माझे टक्कल भाजून निघाले आहे, रात्री उशीला टेकवत नाही. तुमच्या हॉलमधली ती टोपी चार दिवसांकरता मिळेल का? बायकांची आहे, लोक पाहतील, हे मला कळते. इथे मला कोणी ओळखत नाही, आणि ओळखले तरी चालेल. फीत काढू नये.