नम्रताची गाठ आणि माझा विश्वास

७ जुलै, रविवार
आज रोह्यात आमच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या ईयोबावर बोललो. संकटात देव हात सोडत नाही, घाबरायचं कारणच नाही. फार प्रभावी झालं. मी मुळात खंबीर माणूस.

८ जुलै
बायकोच्या, नम्रताच्या, मानेत गाठ. डॉक्टर म्हणाले, पेणला जाऊन तुकडा काढून तपासा. मी अजिबात घाबरलेलो नाही. जेवताना भातावर वरणाऐवजी पाणी ओतलं, एवढंच.
निश्चय: रोज बायबलचा एक अध्याय. मोबाईलवर गाठीबद्दल काही शोधायचं नाही.

९ जुलै, सकाळ
शोधलं. पहाटे तीनपर्यंत.
मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. हिरवी कुरणं, संथ पाणी, छान. पुढे मृत्यूच्या छायेची दरी आली. तिथेच बायबल मिटलं. भीतीने नव्हे, शिफ्टला उशीर होत होता. (आज सुट्टी होती, हे कंपनीच्या गेटवर कळलं.)

११ जुलै
शेजारच्या शकूमावशी म्हणाल्या, गावदेव धावीर महाराजाला नारळ ठेवते, बरी होईल रे पोर. मी ठाम सांगितलं, आमचा देव समर्थ आहे. मग हळूच विचारलं, साधारण कधी जाणार?
नम्रता सध्या विलापगीत वाचते. म्हटलं, आजाऱ्याने असलं वाचू नये. ती म्हणाली, अहो, अख्खं शहर बेचिराख झालंय, तरी तो माणूस म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी असते. भाबडी आहे बिचारी. आधाराला मी आहे म्हणून बरं.

१५ जुलै, पेण
नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यापर्यंत आलेलं. एसटी रांगत होती. धीर द्यायला नम्रताचा हात धरला. ती म्हणाली, जरा सैल धरा, बोटं दुखतायत.
हॉस्पिटलात सिस्टरने सुई काढली. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर खाटेवर मी, आणि मानेला पट्टी लावून शेजारी बाकावर नम्रता. सिस्टर विचारत होती, पेशंट नक्की कोण हाय? उपाशीपोटी होतं असं. (वडापाव खाल्ला होता, पण एकच.)

२२ जुलै
रिपोर्ट आला. पाकीट मीच उघडणार होतो. गोंद फार घट्ट होता, तिने उघडलं. गाठीचा टीबी. सहा महिने गोळ्या. डॉक्टर म्हणाले, बरा होतो.
दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. ती छत्री धरून उभी. म्हटलं, तुला कशी भीती वाटली नाही? म्हणाली, वाटत होती की. रोज. म्हणून तर वाचत होते. तुम्ही विचारलंत कुठे?

२८ जुलै, रविवार
सभेत साक्ष द्यायला उभा राहिलो. विषय ठरलेला: कसोटीत माझा विश्वास कसा टिकला. लिहून आणलेला कागद घडी करून खिशात टाकला. शेवटी म्हणालो, मी फार घाबरलो होतो. अजून घाबरलोय. देवाने तरीही सोडलेलं नाही, असं दिसतं.
एवढंच. खाली बसायला गेलो. नम्रताने बाकावर सरकून जागा दिली.