उन्हाविरुद्ध सरपंचांचे मिस्टर

३ एप्रिल, सकाळी ११
ऑफिसात मुबश्शिरा आली. आपल्या खाजाभाईची पोरगी, नगरला वकिली शिकते. सोबत वर्गातला पार्थ. विचारते, सरपंचबाई आहेत का? म्हटलं, बाई घरी स्वयंपाकात. बोला, मी आहे ना. सत्यशीला सरपंच होऊन चार वर्षं झाली, तरी पोरांना कळत नाही कारभार कोण बघतो.

विषय जबरी. ऊन दरवर्षी वाढतंय, सरकारचा उन्हापासून वाचवायचा आराखडा कागदावरच, म्हणून जिल्ह्यातली पोरं सरकारलाच संभाजीनगरच्या खंडपीठात खेचणार. पाठिंब्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे, तीस तारखेच्या आत. बाकी गावांनी हात वर केले. ठराव नसला तर सगळे म्हणणार, पोरखेळ आहे.

दिला म्हणालो. सरकार असलं म्हणून काय झालं? आपण कुणाच्या बापाला भीत नाही.

५ एप्रिल
फ्लेक्स लावला. माझा फोटो सहा फुटी. सत्यशीलाचा कोपऱ्यात, पासपोर्टवाला. मुबश्शिरा म्हणाली, काका, उन्हाच्या केसला प्लास्टिकचा फ्लेक्स? पोरगी हुशार, पण राजकारण समजत नाही.

८ एप्रिल, दुपार
जामखेडहून भाऊसाहेबांचा फोन. आमच्या पार्टीचे तालुक्याचे पुढारी. म्हणाले, सरकार आपलं आणि केस सरकारवर, डोकं फिरलं का तुझं? ठराव केलास तर वस्तीचा रस्ता विसर. मी ‘हो साहेब, हो साहेब’ करून त्यांना गाफील ठेवलं. फोन कट झाल्यावर मात्र असा झापला, असा झापला!

१२ एप्रिल
ग्रामसभा. खुर्चीत मी. ठराव एकमताने. सत्यशीलाची सही नेहमीप्रमाणे मीच ठोकली. आता ती तिच्यापेक्षा मला छान जमते.

१५ एप्रिल
ठराव परत! पोरांच्या वकीलबाई म्हणे, सभेच्या फोटोत सरपंच कुठे आहेत? खुर्चीतले मिशीवाले कोण? हा कागद दिला तर सरकारी वकील पहिल्याच दिवशी चिंधड्या करतील. मुबश्शिराच्या डोळ्यांत पाणी. काका, दोन वर्षं राबलोय आम्ही, म्हणाली. वाईट वाटलं. पण चूक माझी नाही. फोटोवाल्याने जरा बाजूने काढायचा.

१६ एप्रिल
सत्यशीलाला सांगितलं, सभा परत घेऊ. तू नुसती बस, मी मागून सांगतो तसं बोल. म्हणाली, सांगायची गरज न्हाई. मुबश्शिरा रोज दुपारी घरी येऊन तिला केसचे कागद वाचून दाखवते म्हणे! सत्यशीला म्हणाली, गेल्या वैशाखात वस्तीवरची झुंबरबाई कांद्याच्या वावरात ऊन लागून पडली. तिचा जीव माझ्या मांडीवर गेला, सही मीच करनार.

मी त्या दिवशी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला होतो. आज एवढंच.

२४ एप्रिल
सभा. मला सतरंजीवर बसवलं. भाऊसाहेब स्वतः हजर. माईक घेऊन म्हणाले, बाई, रस्ता थांबेल. सत्यशीला उठली. त्यांच्या हातातला माईक घेतला. म्हणाली, रस्ता थांबवा, ते तुमच्या हातात हाय. मग ऊनबी थांबवून दाखवा. जमत नसंल तर आमाला कोर्टात जाऊ द्या.

आधी बाया उठल्या, मग सगळं गाव. भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. मी सतरंजीचा दोरा ओढत होतो.

सही तिनं स्वतः केली. सावकाश. सगळे थांबले. शेवटी ट्रेनिंग माझंच.

भाऊसाहेब रागाने जीपकडे निघाले. मी हात वर करून खुणावलं, आलोच साहेब! नेमकं तेव्हाच ग्रामसेवक ठराव दोनला अनुमोदक विचारत होते. माझंच नाव लिहिलं. ठराव कशाचा, तेही ऐकलं नव्हतं.

२९ एप्रिल, दुपारी १
केस दाखल झाली. सत्यशीला पोरांबरोबर संभाजीनगरला. जीपमध्ये जागा नव्हती म्हणे.

ऑफिसला गेलो तर शिपाई दारात आडवा. ठराव दोन: सरपंचांच्या नवऱ्याने ऑफिसात बसू नये, सरपंचांची सही करू नये. म्हटलं, कायदा मला शिकवतोस? त्याने बाहेरचा बाक दाखवला. बाकावर सावली नाही. बसलोय. हटणार नाही.

मुबश्शिराचा फोन आला. दोन्ही ठराव एकाच पानावर, नक्कल तशीच लावावी लागली, सॉरी काका, म्हणाली. सॉरी कशाला? जिल्ह्यातल्या एवढ्या पुढाऱ्यांत हायकोर्टात नाव गेलं ते एकट्या माझं. अनुमोदक म्हणून.