काचेवरचे चार पक्ष

प्रिय बाळ्या,

उमेदवार झालास तरी मला तू बाळ्याच. तुझ्या पत्रकावरचं ‘लोकनेते’ वाचून आईला हसता हसता ठसका लागला. तिचा गुडघा आता बरा आहे.

वाचनालयाच्या नोकरीतून मला काढलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मी भिंतीवर चार पक्षांचे चार तक्ते लावले होते. सगळे एकाच मापाचे, आणि प्रश्नही सगळ्यांना तेच: पाणी, शाळा, दवाखाना, मागच्या वेळी बोललात काय, केलंत काय. एरवी शब्दकोड्यातून मान वर न काढणारे पेन्शनर तक्त्यांपुढे उभं राहून वाद घालायला लागले. मग तुझ्या पक्षाची माणसं आली. बाकीचे राहू द्या, आमचा तेवढा काढा, म्हणाली. मी म्हटलं, काढायचे तर चारही, नाहीतर एकही नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांनी चारही काढले आणि पाठोपाठ मलाही.

आता ते तक्ते तुझ्या भावजींच्या शिलाईच्या दुकानात, काचेला आतून लावलेत. भावजी किती भित्रे, तुला ठाऊक आहे. पण तुझा कार्यकर्ता दम द्यायला आला, तेव्हा हातातली कात्री न थांबवता म्हणाले, “काच माझी आहे. वाचवत नसेल तर तोंड फिरवा.” इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

सख्ख्या बहिणीने तरी सांभाळून घ्यावं, असा निरोप तू आईकडून धाडलास. अरे, तुझ्या पक्षाच्या तक्त्यावर मी पदरचं काही घातलेलं नाही. मागच्या वेळी निवडून आल्यावर दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करायच्या ठरावाला तू हात वर केलास, एवढंच तिथे आहे. त्यानंतर महिन्याभरात माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि शहराच्या वाटेवर, टेम्पोतच, बाळ गेलं, हे तिथे नाही. ते घरचं आहे. तू भेटायला आलास, ढसाढसा रडलास. ठरावाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाहीस.

रविवारी माझं मत तुला नाही. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर निरोप पोचवला नाही म्हणून आईवर चिडला असतास, म्हणून मीच कळवतेय. काच फोडलीत तर तक्ते दारावर लावीन. निकाल कसाही लागो, जेवायला ये. फक्त पानावर बसण्याआधी सुनेसमोर बस आणि तो हात का वर केलास, ते तिला सांग.

तुझीच, आणि तुझ्याविरुद्धही,
ताई