मुठीतल्या आडव्या रेषा

प्रिय लिंडी,

ग्राझला तू खुर्च्या करतेस आणि त्या जराही डुगडुगत नाहीत, असं तुझी आई दर रविवारी मला ऐकवते. इथे फेर्लाखच्या आपल्या कारखान्यात तुझा एप्रन अजून खिळ्यालाच आहे. तीन वर्षं झाली, तो काढून ठेवायची माझी हिंमत होत नाही.

ती अक्रोडाची फळी तुला आठवत असेलच. वनरक्षक वालेंटिन रायफलीच्या नव्या दस्त्यासाठी लाकूड निवडायला आला होता. मी ओल्या फडक्याने फळी पुसली, काळ्या-सोनेरी लहरी उठल्या आणि म्हातारा भुलला. खरं तर आधी मीच भुललो होतो. तू मात्र नेमकं मुठीच्या जागी बोट ठेवलंस. "बाबा, इथे रेषा आडव्या जातात. मूठ टिकायची नाही. ती साधी फळी घ्या." मी वालेंटिनकडे बघून म्हणालो, "पोरीला नक्षी कळत नाही हो, हिला मेजाच्या पायांचं लाकूड आवडतं." तोही हसला. गाल टेकायचा उंचवटा, मुठीवरची कोरीव जाळी, मी सगळं इतकं नटवलं की गावातले दुसरे कारागीर बघायला आले.

पुढच्याच हंगामात चौथ्या बाराला मूठ तडकली. दोन तुकडे घेऊन वालेंटिन दारात उभा राहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्क्रूचं भोक हिने पाडलं होतं, जास्त खोल गेलं असणार." तू तिथेच होतीस. मला वाटलं, भांडशील. तू फक्त एप्रन काढलास. भोक बरोबर होतं, लिंडी. तू गेल्यावर मी मोजलं होतं. तरी गावभर तुझा बोभाटा झाला आणि मी तोंड मिटून राहिलो. हे लिहितानाही मान वर होत नाही.

परवा संत हुबेर्टसच्या सणाला सगळे शिकारी चर्चबाहेर जमले होते. इतके दिवस पेटीत दडवलेले ते तुकडे मी वालेंटिनच्या हातात ठेवले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की लाकूड निवडताना मी चुकलो आणि दोष पोरीवर ढकलला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. वालेंटिन एवढंच म्हणाला, "मग माझा दस्ता आता तिलाच करू दे. तू हात लावू नकोस." तेच विचारायला हे पत्र. तुला इथे यायचं नसेल तर आईला सांग, मी फळी ग्राझला पाठवीन. तीच, साधी. तिला मी अजून ओलं फडकंही लावलेलं नाही.

तुझाच,
बाबा