पेशीचा ब्रेक आणि बारा कोट

३ तारीख, सकाळ
टायपिस्टबाई, आधी तारीख घाल, काल विसरलीस. खालच्या मजल्यावरून चष्मा न घेता वर येतेस आणि मला म्हणतेस, आजी, गोळी विसरू नका! वही माझी, बोलणं माझं, अक्षर तुझं. मला वाचता येत नाही, तुला लिहिलेलं आठवत नाही. गुपित सुरक्षित.
शिंप्याने बारा कोट दिलेत, काजं हाताने करायला. पंधरा तारखेपर्यंत. म्हणाला, या खेपेला उशीर झाला तर काजांचं मशीन आणतो, राग मानू नका. म्हटलं, आण की, मीच त्याला शिकवीन. चाळीस वर्षं करतेय. रोज एक कोट, झालं काम.

४ तारीख
नात आली. लॅबमध्ये असते. विचारलं, ही सांधेदुखीची गोळी बोटांपर्यंत जाऊन करते काय? तिने चित्रच काढलं. पेशीच्या कातडीत म्हणे रिसेप्टर नावाचे खुंट आरपार रोवलेले. डोकं बाहेर, पाय आत. सायटोकाईन म्हणून सांगावा येतो, डोक्यांवर बसतो, की दोन खुंट जवळ येतात. पायांना स्वतःची अक्कल नाही. त्यांना जॅक नावाचे कारकून चिकटलेले. ते एकमेकांना शिक्के मारतात, मग पायांना, मग स्टॅट नावाच्या निरोप्यांना. निरोपे जोडीने पेशीच्या केंद्रात जातात आणि हुकूम सुटतो: सुजा! गोळी त्या जॅकचा हात धरते. शिवाय हे सगळं आवरायला पेशी स्वतःचा ब्रेकही बनवते. पुढे ती ‘पण’ म्हणून काही बोलली. ‘पण’च्या पुढचं मी कोणाचंच ऐकत नाही.

५ तारीख
घरचा ब्रेक असताना बाहेरची गोळी कशाला? आजपासून बंद. टायपिस्टबाई म्हणाली, डॉक्टरांना विचारा. म्हटलं, तू लिही.
कोट दोन झाले.

९ तारीख
चार. सकाळी मूठ वळत नाही. हवा दमट आहे. ब्रेक नवा आहे, बसायला वेळ लागणारच.

१२ तारीख
पाच. शिंप्याने मुद्दाम जाड कापड दिलंय. सुईत दोरा टायपिस्टबाईने ओवला, तोही वाकडा. नातीचा फोन: गोळी घेतेस ना? म्हटलं, तू जेवलीस का?

१४ तारीख, दुपार
नातीने डबी उघडून गोळ्या मोजल्या. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी, ब्रेक आहे गं, पण तुझ्या अंगात सांगावे यायचे थांबतच नाहीत, एकटा ब्रेक कुठवर पुरणार? डॉक्टरांना फोन झाला. गोळी पुन्हा सुरू. सूज उतरायला काही आठवडे लागतील म्हणे.
शिंप्याला मी सांगते, असं ती म्हणाली. नको म्हटलं. उद्या सात कोट करीन.

१५ तारीख
शिंपी येऊन उरलेले सातही कोट तसेच घेऊन गेला. झालेल्या पाचांच्या काजांवरून बोट फिरवत बराच वेळ दारात उभा होता. म्हणाला, असं काज मशीनला येणार नाही, आजी. मशीन सोमवारी येतंय. बरं म्हटलं. दार त्यानेच ओढून घेतलं.
टायपिस्टबाई, संध्याकाळी जेवण वर पाठवशील तर तोडायचं, सोलायचं काही नको. सूप पाठव. कान असलेल्या कपात, अर्धाच भरून.