सेनेटर नावाचा मेंढा

१ एप्रिल १८११
राजीनामा दिला. बॉस्टनच्या विधानसभेचं आता कसं होणार, देव जाणे. पण या देशाचे थोर पुढारी सत्ता सोडून शेताकडे परतले, शेणखतात हात घातले. मीही परतलो. माझ्यामागे शेत बघणारी माझी बायको हिटी म्हणाली, "परतलात? आधी कधी होतात शेतात?" थकलेली दिसते.

४ एप्रिल
मेरिनो मेंढा आला. थेट स्पेनचा. लोकर लोण्यासारखी. अर्धं गाव ओहायोला निघालंय, तिकडे जमीन स्वस्त म्हणून. माझ्या लोकरीमुळे गाव थांबेल, गिरणी येईल, देश वाढेल. मेंढ्याचं नाव ठेवलं सेनेटर. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पापणी हलवली नाही.
संकल्प: रोज चारा मी स्वतः घालणार.

५ एप्रिल
चारा घातला. कुंपणाबाहेरून. फेकून. नवी पद्धत.

९ एप्रिल
सेनेटरने कुंपणाची फळी फोडली. मी पळालो नाही. घरातलं एक काम आठवलं. झेडॉक लोहार खिळे ठोकायला आला. म्हणाला, "मेंबरसाहेब, मेंढ्याला पाठ दाखवू नका. आम्हाला दाखवलीत तेवढी पुरे." उद्धट. जाऊ दे ओहायोला.

१२ एप्रिल
जेवताना खिडकीतून सेनेटर दिसतो. खिडकीकडे पाठ करून बसलो. ते आणखी वाईट.

१५ एप्रिल
जाहीर केलं: शनिवारी चर्चपुढच्या मैदानात सेनेटरला दोरीने फिरवणार आणि भाषण देणार. भाषण तयार. फिरवायचा सराव बाकी. झेडॉक म्हणाला, "मेंढा कामाचा निघाला तर मी ओहायोचा बेत सोडतो. बायकोला तसंही जायचं नाहीये." भाषणात आणखी दोन पानं घातली.

१९ एप्रिल, सकाळ
सराव. फाटक उघडलं. दोरी घरीच राहिली.

संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो.
सेनेटर बाहेर आला. मी सफरचंदाच्या झाडावर चढलो. (फांद्या बघायच्याच होत्या.) हिटीला हाका मारल्या. ती दाण्यांची बादली घेऊन आली. मी वरून सूचना देत होतो, "डावीकडे! डावीकडे हो!" डावी माझी होती, तिची नव्हे. मेंढ्याने तिला धडक दिली. ती पडली, उठेना. मेंढा पुन्हा धडकेसाठी मागे सरला. मी उतरायचं ठरवलं. अगदी ठरवलं. पाय हलेनात. फांदीला मिठी मारली, डोळे मिटले. आवाज तेवढा ऐकू आला.
झेडॉकने धावत येऊन मेंढ्याची शिंगं धरली. हिटीचं मनगट मोडलं. मला उतरवायला शिडी आणावी लागली.

२१ एप्रिल
हिटी एका हाताने घरची कामं करते. ओरडली असती तर बरं. आता मेंढ्याची भीती वाटत नाही, तिची वाटते. विचारलं, "गावात सांगणार आहेस का?" म्हणाली, "काय सांगू?"


२७ एप्रिल
कार्यक्रम पुढे ढकलला होता, तो आज झाला. माझा घसा बसला. हिटीने हात गळ्यात बांधून मेंढा फिरवला. दाण्यांच्या बादलीमागे तो कोकरासारखा चालत होता. लोकांनी लोकर चाचपली. झेडॉकने ओहायोसाठी भरलेलं गाडीतलं सामान उतरवलं. मेंढ्याची कल्पना माझीच होती, हे कुणाला आठवलं नाही.

६ मे
गावसभा. मला एकमताने पुन्हा बॉस्टनला निवडलं! नाव झेडॉकने सुचवलं: "मेंबरसाहेब तिथेच शोभतात." टाळ्या थांबेनात. शेती मनात होती, पण देशापुढे इलाज नाही.
हिटीने एका हाताने माझी पेटी भरली. सगळी. हिवाळ्याचे कपडेसुद्धा. विचारलं, "मधे येऊन जाऊ ना?" म्हणाली, "आधी कळवा. सेनेटरला कोंडावं लागेल."
काळजी वाटते तिला माझी. तसंच असणार.